पिस्तूल दिसलं की बँड बंद

पुतण्याच्या वरातीत मी हवेत गोळी झाडली, ती माझी चूक. परवाना होता, अक्कल नव्हती. आवाज होताच आमच्या वाघोलीच्या बँडमास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतलं आणि सगळा बँड थांबला.

"पिस्तूल गाडीत ठेवून या अण्णा, मग वाजवू."

मी सगळ्यांसमोर त्यांना ढकललं.

ही त्यांची नेहमीचीच रीत. लग्नात पिस्तूल आणलं तर परवानाच रद्द, असा कायदा व्हावा म्हणून ते प्रत्येक मंडपात पुढाऱ्यांना गाठतात. कुणी हसलं की आधी शांतपणे चष्मा पुसतात, मग बोलतात.

मी एकदा विचारलं, "मास्तर, आमदारच कमरेला लावून फिरतात. कायदा करणार कोण?"

"म्हणून तर त्यांच्या पोरीच्या लग्नाची सुपारी घेतलीय. नवरदेव दारात ताटकळला की ऐकतील."

परवा तसंच झालं. बँड थांबला. आमदारांनी पिस्तूल ड्रायव्हरकडे दिलं आणि "अधिवेशनात विषय मांडतो," म्हणाले. एवढ्यानं कायदा होत नाही, पण आता होईल असं मला पहिल्यांदाच वाटलं.

मी मास्तरांजवळ गेलो.

"त्या दिवशी तुम्हाला ढकललं, मास्तर. चुकलो. माफ करा."