करंगळीचा सूर

कसबा बावड्याच्या एका महिला भजनी मंडळाला मी साथीचे ट्रॅक करून देते. पेटी, तबला, टाळ, सगळं घरच्या कॉम्प्युटरवर. त्या दुपारी मंडळाच्या प्रमुख बाईंचा फोन आला.

"बाई, तुमची पेटी मधी मधी सूर गिळतीया की! आमी वर जातोय आन् पेटी गप्प."

मला रागच आला. माझी पेटी आणि गप्प? आधी तुमचा स्पीकर तपासा म्हटलं आणि फोन ठेवला. तरी चैन पडेना म्हणून फाईल उघडली. पेटीच्या ट्रॅकवरचं सोलोचं बटण दाबलं, म्हणजे बाकी सगळे बंद आणि एकटी पेटी चालू. बाई खरं बोलत होत्या. वरचा सा आला न आल्यासारखा. ट्रॅकचा आवाज वाढवला तर इतर सूर अंगावर यायला लागले आणि तो सा आपला मागेच.

हा मिडीचा ट्रॅक. त्यात आवाज साठत नाही. मी कीबोर्डची कुठली पट्टी, किती जोरात आणि किती वेळ दाबली, एवढंच टिपलं जातं. जोर दाखवायला प्रत्येक सुराखाली एक उभी काडी असते. त्या काड्या मी कधी नीट बघितल्याच नव्हत्या. कान शाबूत असताना डोळे कशाला शिणवायचे? आता बघितल्या. अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या काड्या उंच. जिथे जिथे करंगळी पडते तिथे बुटक्या. सगळ्या.

आईचा हात असाच गेला होता. आधी तिच्या हातून कपबशी निसटायची आणि आम्ही तिला वेंधळी म्हणून हसायचो. पुढे तो हात मांडीवरच पडून राहिला.

कीबोर्डच बिघडला असणार, मी स्वतःला बजावलं. नवरा सुट्टीमुळे घरी होता. तो हुपरीत पैंजणांचं काम करतो, आणि संगीताशी त्याचा संबंध माझ्या शिकवणीच्या गोंगाटावर वैतागण्यापुरता.

"अहो, जरा इकडं या. करंगळीनं ही पट्टी दाबा बघू." मी ट्रॅकचं रेकॉर्डिंगचं लाल बटण लावलं.

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"दाबा म्हटलं न्हवं!"

त्याने सहज दाबली. काडी उंच गेली. मग मी दाबली. बुटकी. पुन्हा त्याने, पुन्हा मी. कीबोर्डला काहीही झालेलं नव्हतं.

ट्रॅकवर जोर वाढवायचीही सोय असते. करंगळीचे सूर वेगळ्या ट्रॅकवर काढले आणि त्याचा जोराचा आकडा वर नेला. पेटी पूर्वीसारखी भरून वाजायला लागली.

"झालं की मग!" नवरा खूश. "एवढ्यासाठी घाबरलीस व्हय?"

मला तर जास्तच भीती वाटली. हा आकडा आधीपासूनच वर असता तर भजनी मंडळातल्या कुणालाच काही कळलं नसतं. बाईंचा फोन आला नसता तर मलाही नाही. मी आकडा पुन्हा होता तिथे आणला आणि त्याला म्हटलं, आता ऐका. मी खरी अशी वाजवलीय.

त्याचा चेहरा उतरला. आईचा हात त्यानेही बघितला होता. त्याने खुर्ची जवळ ओढली, कीबोर्ड बाजूला सारला आणि आपला तळवा माझ्यापुढे धरला.

"ह्याच्यावर दाब. सगळा जोर लाव."

मी करंगळी टेकवली आणि दातओठ खाऊन दाबली. कळ खांद्यापर्यंत गेली. तो माझ्या बोटाकडे बघत थांबला होता.

"दाब की," तो म्हणाला.

मी दाबतच होते.