रंगभटांची वेळ

दुपारचं जेवण झालं की मी पडवीत खाटेवर आडवा होतो. साठी उलटल्यावर सुनेनं मला अक्षरं शिकवली, तेव्हापासून वाचनालयातून काही ना काही आणतो. आजचं पुस्तक रंगभट जोशांवर आहे. आमच्याच गोदाकाठचे गणिती, जाऊन तीनशे वर्षं झाली. ओळीवर बोट ठेवून वाचतोय. ओळ हलते. मग खाटही हलते.

खाट पाण्यावर आहे आणि माझ्या हातात वल्हं. जन्मभर नावच चालवली, त्यामुळे नवल वाटत नाही. समोर रंगभट बसलेत, किडकिडीत, मांडीवर पोथी.

"भिवा, लवकर ने रे. आज सूर्यग्रहण. दाजीनं आणि मी वेगवेगळी वेळ सांगितली आहे. ज्याची चुकेल त्यानं आपली पोथी गोदावरीत सोडायची."

"दाजीशास्त्री तुमचे गुरुबंधू ना?"

"एका ताटात जेवलोय. म्हणून तर भांडतो."

"पण वेळ वेगळी आली कशी?"

"तो चंद्राची दिवसभराची चाल घेतो आणि सगळ्या घटकांना सारखी वाटून टाकतो. मी विचारतो, या क्षणी चंद्र किती वेगानं चाललाय? तर हसतो. म्हणे, क्षणात कसला आलाय वेग!" ते पाण्याकडे बोट दाखवतात. "मधल्या धारेत नाव कशी जाते?"

"ओढ घेते."

"आणि काठाला?"

"म्हशीगत बसून राहते."

"मग दोन्हीची सरासरी धरून वल्हं मारशील?"

"खडकावर जाऊ, महाराज."

"हेच जन्मभर त्याला सांगतोय! घटकेचं पळ करायचं, पळाचं विपळ. कापत कापत गेलं की त्या क्षणाची चाल हाती लागते."

नाव एसटी स्टँडात लागते. फलाटाला घाटाच्या पायऱ्या आहेत, पायऱ्यांवर स्नानाला आलेली माणसं. चौकशीच्या खिडकीत दाजीशास्त्री, तोंडासमोर माइक.

"आलास का रंग्या! पोथीला शेवटचं हळदकुंकू वाहिलंस ना?"

लोक हसतात. रंगभट पोथी घट्ट धरून पायऱ्या चढतात.

फलाटावर परातीत हळदीचं पाणी आहे, त्यात सूर्य दिसतो. शेजारच्या पिंपात बुडाला भोक असलेली वाटी तरंगतेय. ती भरून बुडाली की रंगभटांची वेळ. दाजीशास्त्र्यांची त्याआधी.

"ग्रहण लागलं!" दाजीशास्त्री माइकवरून पुकारतात. सगळे परातीवर वाकतात. सूर्य भाकरीसारखा अख्खा.

"ढग आला असेल," दाजीशास्त्री म्हणतात.

"कुठाय ढग?" एक म्हातारी विचारते.

वाटी भरत येते. रंगभट डोळे मिटतात. "भिवा, तूच बघ. मला बघवत नाही."

वाटी डुबकन बुडते. आणि उंदरानं कुरतडावा तसा भाकरीचा काठ जातो.

"लागलं!" मी ओरडतो. "महाराज, लागलं!"

एकच कल्लोळ. माणसं धडाधड पाण्यात उड्या घेतात, एसट्या भोंगे वाजवतात. रंगभट धोतर सावरत नाचताहेत, सूर्याला ओरडून सांगताहेत, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

दाजीशास्त्री खिडकीतून बाहेर येतात. चेहरा उतरलेला, मान ताठ. काखेतली पोथी काढतात. "शर्त म्हणजे शर्त."

रंगभटांचा नाच थांबतो. "दाज्या, नको! चंद्राची कोष्टकं तुझी. त्यांच्यावरच तर मी माझी कापाकापी केली. आणि ही बुडवलीस तर उद्यापासून भांडू कुणाशी?"

पण शास्त्री हट्टी. पोथी धारेत पडते.

"भिवा!"

मी नावेच्या काठावर पालथा पडून पाण्यात हात घालतो. धार पोथीला ओढतेय. पोथी बांधलेल्या लाल दोऱ्यात माझं बोट अडकतं. मी ओढतो. पोथी वर येते, निथळत.

दाजीशास्त्री ती छातीशी धरतात.

"पुढचं ग्रहण कधी रे, रंग्या?"

"तू सांग. चूक मी काढतो."

दोघंही हसत सुटतात, पोट धरून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

"अहो, चहा निवतोय," बायको मला हलवते. मग माझा हात उचलून बघते. "हा लाल दोरा कुणी बांधला? आणि ओला कसा?"

"राहू दे," मी म्हणतो. "सोडू नकोस."