वैशालीची थाई करी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी माझं वजनसुद्धा खरं सांगते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझी थाई करी कधी खाल्ली नाही, म्हणून असेल.

आमच्या नातेवाइकांत ती करी फार गाजलेली आहे. कुणाकडं बारसं असो की साखरपुडा, फर्माईश ठरलेली — वैशाली, तुझी ती हिरवी करी होऊन जाऊ दे! मी जरा आढेवेढे घेते — घ्यायचे असतात — आणि पदर खोचते.

सुरुवात झाली नणंदेपासून. पुष्पाताई आणि त्यांचे यजमान थायलंड फिरून आले आणि छावणी भागातल्या आमच्या घरी मुक्कामाला उतरले. तिकडचं जेवण काय होतं, वहिनी, असं त्या इतक्यांदा म्हणाल्या की मी बोलून गेले — त्यात काय एवढं, उद्या करते की! जन्मात कधी केली नव्हती. मोबाइलवर एक बाई हसत हसत करून दाखवत होती. मला वाटलं, आपणही हसत हसत करू.

कोथिंबीर, आलं, मिरच्या, गच्चीवरच्या कुंडीतला गवती चहा — वाटण झकास झालं. नारळाचं दूध ओतलं, भाज्या सोडल्या. वास असा सुटला की सासूबाई डोकावून गेल्या. मग मी काय करावं? मोठ्या आचेवर, रटरटत्या करीत, लिंबं पिळली.

फाटली. वर पांढरे गोळे, खाली हिरवं पाणी. आणि बाहेर ताटं मांडलेली!

धाकटी जाऊ सुनीता शेजारच्या शेगडीवर भात बघत होती. सुनीता सोयगावची. तिच्या हाताला चव नाही, हे सासूबाईंनी ती लग्न होऊन आली तेव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यामुळं तिच्याकडं फक्त भात आणि पोळ्या. कढईत बघून ती म्हणाली, "ताई, तुम्ही साडी बदलून या. मी बघते."

मी परत आले तोवर तिनं भाज्या झाऱ्यानं बाजूला काढल्या होत्या, रस्सा मूठभर भाजलेल्या दाण्यांबरोबर मिक्सरमधून फिरवला होता आणि बारीक आचेवर गुळाचा खडा टाकून ठेवला होता. काय दाट, काय तुकतुकीत! वरून शोभेला अख्ख्या मिरच्या मात्र मी टाकल्या. हौस, दुसरं काय.

"तिकडंसुद्धा अशी मिळाली नाही, वहिनी!" पुष्पाताई म्हणाल्या. मी नुसती लाजले. लाजणं म्हणजे काही खोटं बोलणं नाही — नाही ना?

इथंच थांबले असते तर तुम्हाला सांगण्यासारखं काही नव्हतं. पण पुष्पाताईंच्या यजमानांनी अख्खी मिरची चावली. ठसका, डोळ्यांत पाणी, नाक लाल. सासूबाई कडाडल्या, "एवढ्या मिरच्या कुणी टाकल्या?"

आणि मी — मी म्हणाले, "सुनीतानं. मी नको म्हणत होते."

किती सहज निघालं तोंडातून! सगळे हसले. "तिचा हात असाच," सासूबाई म्हणाल्या. सुनीता वाफाळता भात घेऊन दारातच उभी होती. "व्हय, माझ्याच हातून पडल्या," ती म्हणाली, आणि दही आणायला आत गेली.

पुढं त्याबद्दल ती कधी बोलली नाही. टोमणा नाही, रुसवा नाही. वाईट वाटलं नसेल का तिला? मी विचारलंच नाही.

परवा तिची लेक ऋतुजा आली. नोकरीसाठी परगावी निघालीय, खोलीवर स्वतःच रांधणार. "काकू, आई म्हणाली, थाई करी ताईंकडूनच शिक, त्यांचा हात लई चांगला आहे." मी शिकवली. मजेत शिकवली, गाणी लावून. करी फाटली तर काय करायचं, तेही सांगितलं — दाणे, मिक्सर, गूळ.

"हे कसं सुचलं तुम्हाला?" तिनं कौतुकानं विचारलं.

सासूबाई आता नाहीत. घरात ऋतुजा आणि मी, दोघीच होतो. खरं बोलले असते तर कुणी एक शब्द बोललं नसतं.

"सुचलं असंच," मी म्हणाले.