पाइप गप्प हवा

तार आली तेव्हा मी सांगलीच्या घरी लिंबाच्या फोडींना मीठ चोळत बसले होते. तार वहिनीची नव्हती, जयपूरच्या घरमालकांची, शर्माजींची होती. त्यामुळे वाचायच्या आधीच कळलं. दादा गेला. वय अवघं त्रेचाळीस, आणि आजारपण म्हणावं असं काही नाही. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली आणि संपलं. आता महिना उलटून गेला, तरी लोणच्याच्या बरणीला हात लावला की बोटांना तारेचा तो कागदच आठवतो.

आमचे वडील लवकर गेले. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, त्यानंच मला वाढवलं. नोकरीनं त्याला जयपूरला नेलं, त्याच्या मागोमाग मी कॉलेजसाठी गेले, आणि आदर्श नगरातल्या शर्माजींच्या माडीवर आम्हा तिघांचा, दादा, वहिनी आणि मी असा संसार सुरू झाला. तिथं राहायला गेलो त्या दिवशी सामान खाली टाकून दादानं पहिलं काम काय केलं, तर बोटाच्या पेरानं प्रत्येक भिंतीवर टकटक करून कान लावला. नव्या गिलाव्यात एके ठिकाणी आवाज पोकळ आला. तिथं त्यानं पेन्सिलीनं गोल काढला. शर्माजी दारात उभे होते. "अरे इंजिनियर साहब, दीवार से क्या पूछ रहे हो?" दादा गंभीरपणे म्हणाला, "पूछ रहा हूँ, पकड़ के बैठी हो या नहीं." मी लाजेनं अर्धमेली झाले.

त्याचं कामच ते होतं. जैसलमेरच्या बाजूला तेलासाठी विहिरी खणत होते, तिथं महिन्यातले वीस दिवस तो तंबूत असायचा. तेलाची विहीर म्हणजे आपला आड नव्हे. वीतभर रुंदीचं आणि हजारो फूट खोल असं ते भोक. त्यात लोखंडी पाइप सोडायचा आणि पाइप व खडक यांच्यामधल्या फटीत सिमेंट भरायचं. हे सिमेंट कुणाच्या दृष्टीस पडत नाही. मग तारेवरून एक लांबट यंत्र पाइपात सोडतात. ते आतून 'टक' असा आवाज करतं आणि स्वतःच ऐकतं. सिमेंटनं पाइप घट्ट धरला असेल, तर आवाज तिथंच जिरतो. धरला नसेल, तर पाइप खणखणतो. वर कागदाच्या पट्टीवर त्याची रेघ उमटते. यंत्र तेव्हा नवीन होतं आणि दादाला त्याचं भारी कौतुक. "मालू, पाइप गप्प हवा," तो म्हणायचा. "गप्प म्हणजे कुणीतरी धरून ठेवलंय." मी म्हणायचे, "म्हणजे तुझ्यासारखा घुम्या!" तो हसायचा, बोलायचा नाहीच. घरी असला की सकाळी सहाला आमच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीवर दोनदा टकटक व्हायची... ऊठ, अभ्यासाला बस. मी पांघरुणातूनच एकदा टक करायचे, म्हणजे उठले. आमचं बोलणं बरंचसं असंच चालायचं.

माझं सासर सांगलीचं, पण लग्न जयपूरलाच करायचं ठरलं. दोन दिवस आधी दादा कँपवरून आला. घर पाहुण्यांनी भरलेलं, वहिनी लाडू वळत होती, आणि मी मेंदीचे हात वर धरून बसले होते. दादाच्या पिशवीतून पट्टीची गुंडाळी डोकावत होती. मी चिडवलं, "दाखव तरी वहिनीची सवत, जिच्यासाठी तू महिना महिना घरी येत नाहीस." त्यानं खरोखरच पट्टी जमिनीवर पसरली. "ही बघ. रेघ खालपासून वरपर्यंत शांत. झकास सिमेंट आहे. सही करून आलोय. परवा खाली पाइपाला भोकं पाडतील, मग कळेल आत काय आहे ते."

मी विचारलं, "सिमेंट कुठपर्यंत भरलंय?"

त्यानं बोट ठेवलं. "इथपर्यंत. वर नुसताच पाइप."

"मग वरही रेघ शांतच कशी? तिथं तर खणखणायला हवं ना?"

मी सहज विचारलं होतं. दादाचा चेहरा मात्र पांढरा पडला. यंत्र पाइपाच्या अगदी मधोमध असावं लागतं. ते एका अंगाला कललं की आवाजच क्षीण येतो आणि वाईट सिमेंटही चांगलं दिसतं. त्याला मध्ये धरणाऱ्या स्प्रिंगा सैल झाल्या होत्या, त्यानं तपासल्या नव्हत्या. तशीच भोकं पाडली असती, तर फटीतून पाणी चढून विहीर वाया गेली असती. त्यानं तार केली, पण कँपवर तार दोन-दोन दिवसांनी जीपनं पोचायची. संध्याकाळी त्यानं बॅग उचलली.

"दादा, परवा माझं लग्न आहे."

"माझी सही आहे, मालू."

एवढंच बोलून तो जोधपूरच्या गाडीला गेला. कन्यादान मामानं केलं. निघताना मी जिन्याकडे पाहत राहिले होते...

नंतर कळलं, तो वेळेत पोचला. यंत्र पुन्हा सोडलं तेव्हा पाइप चांगलाच खणखणला, सिमेंट पुन्हा भरावं लागलं. दादानं अहवालात स्वतःची चूक लिहून दिली आणि त्याची बढती लांबली. मला त्याचं पत्र आलं : 'रागावली असशील तर रागाव, पण उत्तर पाठव.' मी पाठवलं नाही. चार वर्षांत तो दोनदा सांगलीला आला, आमच्या भिंतींवर टकटक करून गेला, मी चहा दिला, जेवू घातलं. पण त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नाही. मोठा ताठा होता मला. आज त्या ताठ्याची शरम वाटते.

दिवसांना जयपूरला गेले तेव्हा वहिनीनं त्याच्या कपाटातला पत्र्याचा डबा पुढे केला. "हे तुमचं आहे, असं म्हणायचे." आत तीच पट्टी होती. तळाशी 'तपासणी' असा छापील रकाना. त्यातली दादाची सही त्यानंच खोडली होती आणि खाली बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'तपासणारी, मालू.'

ती रात्र दादाच्या खोलीत काढली. पलीकडच्या, पूर्वी माझ्या असलेल्या खोलीत वहिनी झोपली होती. सकाळी सहाला आपोआप जाग आली. पेन्सिलीचा तो गोल अजून भिंतीवर होता. त्याच्या शेजारी, जिथं तो नेहमी टकटक करायचा, तिथं मी बोटाच्या पेरानं एकदाच टक केलं. चार वर्षांपूर्वीच्या पत्राचं उत्तर.

भिंत तिथं घट्ट होती. आवाज आत जिरून गेला.