बाईंनी दिलेली झाडूवाली

"हा उतारा तूच घे. तुला अभिनय करावाच लागणार नाही."

बाई असं म्हणाल्या आणि अख्खा वर्ग हसला. मीही हसले. त्याची लाज अजून वाटते.

मी घाटकोपरच्या एका शाळेत नववीत होते. शाळेत नाट्यवाचनाची स्पर्धा होती. पहिली येईल ती शाळेतर्फे दादरला आंतरशालेय स्पर्धेला जाणार. इतर मुलींना बाईंनी राण्या दिल्या, वीरमाता दिल्या. मला झाडूवाली. वेंधळी, चहाला हपापलेली, मालकिणीच्या कपाला हात लावते म्हणून बोलणी खाणारी. दर दोन वाक्यांनी लोकांनी हसायचं.

माझी आई म्युनिसिपालटीत झाडूवाली होती. बाईंना ते माहीत होतं.

तरी मी उतारा पाठ केला. मला स्टेजवर उभं राहायचं होतं. दुसरं काही मिळणार नव्हतं.

एका संध्याकाळी चाळीच्या नळापाशी मी तो मैत्रिणींना करून दाखवत होते. कंबर वाकडी, तोंड वेडंवाकडं, हेल काढून. पोरी हसून लोळत होत्या. मागे आई उभी. नुकतीच कामावरून आलेली.

"मी अशी बोलते व्हय गं?"

रागावली नव्हती. खरंच विचारत होती. मी वाकडी कंबर सरळ केली.

घरात गेल्यावर तिने कधी न सांगितलेलं सांगितलं. भर उन्हात तिने एका बंगल्याच्या पायरीशी पाणी मागितलं होतं. आतल्या बाईने तांब्या आणला आणि उंचावरून तिच्या ओंजळीत ओतायला लागली.

"मी हात काढून घेतले," आई म्हणाली. "पानी सांडलं पायरीवर. ती वरडली. मी म्हनलं, भांड्यात द्यायचं तर द्या, न्हायतर ऱ्हाऊ द्या. तशीच तहानेली रस्ता झाडत गेले."

स्पर्धेच्या दिवशी माझं नाव पुकारलं. पहिल्या रांगेत बाई आधीच हसऱ्या तोंडाने बसलेल्या. मी उतारा म्हटलाच नाही. आईने सांगितलेलं बोलले. तिच्याच शब्दांत, सरळ उभी राहून. एक मुलगी सवयीने हसायला लागली नि मध्येच थांबली. पाणी सांडल्याचं आलं तिथे बाई उठल्या.

"खाली उतर!"

उतरले नाही. शेवटपर्यंत बोलले.

हेडमास्तरांनी खोलीत बोलावलं. "दिलेला उतारा म्हटला नाहीस. बाद. आता बाईंची माफी माग."

"मागणार नाही."

"मग या शाळेत पुन्हा स्टेजवर चढायचं नाही."

"नका चढू देऊ," मी म्हटलं. "माझ्या आईवर लोकांना हसवायला मी उभी राहणार नाही."

दादरला दुसरी मुलगी गेली. जाऊ दे. दुसऱ्याने लिहिलेली माझी आई मी पुन्हा कुणापुढे केली नाही. करणार नाही. आणि कुणी करायला लागलं, तर भरल्या सभेत उठून थांबवीन.