‘ताई, तयार?’ असं विचारूनच चेंडू मारणारे श्रीधरराव

श्रीधरराव ढोकणे यांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या आईच्या कुरडयांमुळे. राहुरी तालुक्यातल्या साखर कारखान्याच्या कॉलनीत आमची घरं समोरासमोर होती. मी नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये, वसतिगृहात राहून शिकत असे आणि सुट्टीत घरी येत असे. अशाच एका सुट्टीत आईने अंगणातल्या बाजेवर कुरडया घातल्या होत्या. कपडे वाळत घालायच्या दोन खांबांच्या मधून एक फुटबॉल आला आणि नेमका त्यांच्यावर पडला. मागोमाग माझ्या धाकट्या भावाचा मित्र, म्हणजे हेच श्रीधरराव, कुंपणाशी येऊन उभा राहिला.

“काकू, नेम चुकला न्हाई. दोन खांबांच्या मधूनच मारायचा हुता.”

“आन् मंग माझ्या कुरडया काय गोलकीपर हायेत व्हय रे?”

तो हसला नाही. दुपारभर बाजेशेजारी बसून त्याने चिमण्या हाकलल्या. आईने रागावणं केव्हाच थांबवलं होतं, तरी तो उन्हं उतरेपर्यंत उठला नाही. झालेल्या नुकसानीपाशी बसून राहण्याचा हा स्वभाव श्रीधररावांनी आज साठाव्या वर्षापर्यंत जपला आहे.

पुढे त्यांच्या मामांनी त्यांना शिकायला अमेरिकेत नेलं. तिथे ज्याला फुटबॉल म्हणतात, तो खेळ आपल्याला ठाऊक असलेल्या फुटबॉलहून अगदी निराळा. चेंडू नारळासारखा लांबोडा, खेळाडू हेल्मेट घातलेले, आणि बहुतेक वेळ चेंडू हातातच. मात्र अधूनमधून एका माणसाला मैदानात बोलावतात. एक जण मागच्या मागे चेंडू फेकतो, दुसरा गुडघ्यावर बसून तो झेलतो आणि बोटाच्या टोकाने जमिनीवर उभा धरतो, आणि या माणसाने तो दोन उंच खांबांमधून लाथाडायचा. एवढंच त्याचं काम. डोळ्याची पापणी लवावी इतका वेळ. श्रीधररावांनी पोटापाण्यासाठी हेच काम पुष्कळ वर्षं केलं. कॉलेजच्या संघात निवड झाली तेव्हा त्यांनी माझ्या आईला पत्र पाठवलं होतं, “काकू, खांब सापडले. मधे कुरडया न्हाईत एवढंच.” ते पत्र आईने देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवलं होतं.

हे काम बाहेरून दिसतं तेवढं मानाचं नव्हतं. एका संघाने ठेवायचं, दुसऱ्या वर्षी काढून टाकायचं, मग बॅग उचलून तिसऱ्या गावी. जिंकून दिलं तर दोन दिवस कौतुक, चुकलं तर वर्षभर नावं ठेवणं. तरीही चेंडू फेकणाऱ्याचे आणि धरणाऱ्याचे आभार मानल्याशिवाय ते कधी मैदानाबाहेर पडले नाहीत.

मी तोवर माझ्याच कॉन्व्हेंटच्या, कॉलनीजवळ निघालेल्या शाळेत शिक्षिका झाले होते. खेळाचा हंगाम संपला की ते घरी येत आणि सिस्टरांची परवानगी काढून पहाटे आमच्या मैदानावर दोन उंच खांब रोवून सराव करत. चेंडू धरायला कोणी नव्हतं म्हणून मी बसले. त्या चेंडूच्या एका बाजूला जाड वादीचे टाके असतात. पहिल्या दिवशी मी ते टाके त्यांच्याकडे करून चेंडू उभा केला. पाहुण्याकडे चांगली बाजू करायची, एवढंच मला ठाऊक.

श्रीधरराव पोट धरून हसले. “ताई, ताट वाढतीस का काय? टाके पलीकडं कर. पाय टाक्यावर पडला की चेंडू डावीकडं पळतो.”

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी माझ्या मातीने भरलेल्या साडीकडे पाहिलं. “निर्मला, गुडघे टेकायला आपल्याकडे चॅपेल आहे,” एवढंच म्हणाल्या. मी सरावाला मात्र जात राहिले. दर वेळी ते विचारत, “ताई, तयार?” मी ‘हो’ म्हणेपर्यंत पाऊल उचलत नसत.

आता मी त्या वर्षाबद्दल लिहिते, जेव्हा हे सगळंच संपायची वेळ आली होती.

हंगामातल्या शेवटच्या सामन्यात, शेवटच्या क्षणी, श्रीधररावांचा चेंडू खांबाच्या डावीकडून गेला आणि त्यांचा संघ हरला. वार्ताहरांना ते म्हणाले, “मी चुकलो.” संघाने त्यांना काढून टाकलं. ते घरी आले. मामांनी त्या सामन्याची, मुद्दाम आपल्याकडच्या यंत्रावर चालेल अशी करून घेतलेली कॅसेट पाठवली होती, ती आम्ही ढोकण्यांच्या घरात बसून पाहिली. श्रीधररावांचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, कारखान्यात फिटर होते. कॅसेट संपल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला.

“येवढ्या लांब जाऊन येक चेंडू मारायचा हुता. त्यो बी न्हाई.”

त्या खोलीत कोणाला दिसलं नव्हतं ते मला दिसलं होतं. टाके श्रीधररावांकडे होते. धरणाऱ्याने माझीच चूक केली होती.

ओट्यावर आल्यावर ते हळूच म्हणाले, “दिसलं ना तुला?”

“दिसलं. आबांना सांग की.”

“न्हाई. चेंडू धरनाऱ्या डॅनीचं पहिलंच वर्ष हाय. घरात पंधरा दिवसांची पोरगी हाय. त्याचं नाव निघालं तर त्याला परत कुनी उभं करनार न्हाई. मला बोलावतील कुठंतरी. तू बी कुनाला बोलायचं न्हाई. शब्द दे.”

मी शब्द दिला.

त्यांना बोलावलंही. दुसऱ्या एका संघाने महिन्याभराने चाचणीला यायला सांगितलं. पण आबांनी तोवर कारखान्यात टाइमकीपरची जागा बघून ठेवली होती. “जे आपल्या हातून हुईना त्याच्या मागं किती पळायचं?” हा त्यांचा सवाल. आणि आबांनी जा म्हटल्याशिवाय श्रीधरराव जाणार नव्हते. मी काही बोलू शकत नव्हते आणि रोज सकाळी बोट ठेवून चेंडू धरत होते.

एका सकाळी आबा सायकल भिंतीला टेकवून मैदानाच्या कडेला उभे राहिले. श्रीधररावांना त्या नोकरीच्या सहीसाठी कारखान्यात घेऊन जायला आले होते.

“उरक लवकर,” म्हणाले.

“एवढे दोन मारतो, आबा. ताई, तयार?”

मी “हो” म्हणाले आणि चेंडू उभा केला. चेंडू डावीकडे, थेट चिंचेच्या फांद्यांत गेला.

श्रीधररावांनी माझ्याकडे पाहिलं. “ताई, ताट वाढलंस.” आवाजात राग नव्हता. “असू दे. दुसरा लाव.”

दुसरा मी टाके पलीकडे करून नीट लावला. तो खांबांच्या बरोबर मधून गेला.

आबा चालत आले. चिंचेखालचा चेंडू उचलून त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, एखाद्या बोल्टचे आटे तपासावेत तसा.

“मगाशी ह्ये टाकं कुनाकडं हुतं?”

“त्याच्याकडे,” मी म्हणाले.

“आन् त्या कॅसेटीत?”

मी खाली पाहिलं. शब्द दिला होता.

“आबा, तो चेंडू मी चुकवला,” श्रीधरराव घाईने म्हणाले.

“मी काय ईचारलं का तुला? का कुनाला सांगाय चाललो?” आबांनी धोतर सावरलं आणि माझ्या जागी मातीत गुडघा टेकला. टाके पलीकडे करून, काळ्या तेलाची रेघ असलेलं बोट चेंडूवर ठेवलं. “हं. मार.”

श्रीधरराव मोजून पावलं मागे गेले. मग नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, “आबा, तयार?”

“कवाचा बसलोय.”

तो चेंडू कुठे गेला हे मी पाहिलं नाही. मी आबांकडे पाहत होते. सायकल घेताना त्यांनी विचारलं, “विमान कंच्या दिवशी हाय?”

श्रीधररावांना त्या संघाने घेतलं, आणि पुढे आणखी दोन संघांनी. डॅनीही कितीतरी वर्षं खेळला. दर हंगामात आईच्या कुरडयांचा एक पुडा त्याच्या घरी पोहोचत असे. आबा जाईपर्यंत एकदाही कोणापाशी त्या टाक्यांबद्दल बोलले नाहीत. कॉलनीत कोणी विषय काढला तर “चुकतंय मानसाचं” एवढं म्हणून चहा मागवत.

श्रीधरराव निवृत्त होऊन नगरला परतले, तेव्हापासून राजूरपासून सुप्यापर्यंतच्या शाळांमधल्या मुलामुलींना ते शिकवतात. गोल मारायला शिकवण्याआधी चेंडू देणाऱ्याकडे बघायला शिकवतात. माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा रोज डबा घेऊन येत, आत यायच्या आधी दारातून तोच प्रश्न विचारत, “ताई, तयार?” मी डोळे पुसून ‘हो’ म्हणेपर्यंत बाहेर थांबत.

या गौरवग्रंथात डॅनीचं पत्र छापलं आहे. त्या दिवशी टाके कोणाकडे होते हे त्याने स्वतःच लिहिलं आहे. त्यामुळे माझा शब्द आता सुटला, आणि एक गोष्ट सांगायची राहिली ती सांगते.

श्रीधरराव, चिंचेत गेलेला तो चेंडू माझी चूक आहे असं तुम्ही आजवर धरून चालला आहात. चार लोकांत अजूनही मला ‘ताट वाढणारी ताई’ म्हणून चिडवता. ती चूक नव्हती. आबांची सायकल भिंतीला टेकलेली मी पाहिली होती. तुम्ही ‘तयार?’ विचारलंत, मी ‘हो’ म्हणाले, आणि टाके मुद्दाम तुमच्याकडे केले. तोंडाने बोलायचं नाही एवढाच माझा शब्द होता.

रागवायचं असेल तर सत्काराच्या दिवशी रागवा. मी पहिल्या रांगेत आहे. तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, उजवा गुडघा फार दुखू नये, आणि तुमच्या हाताखालची मुलं तुम्हाला रोज पहाटे मैदानावर ओढून नेवोत. समारंभानंतर त्या मैदानावर एक चेंडू मारायचा, असं मुलांचं ठरलं आहे म्हणे. मला आता खाली बसलं की उठवत नाही, दोघांनी धरावं लागेल. तरी धरणारी मीच. या वेळी टाके पलीकडेच करीन, पण तुम्ही विचारल्याशिवाय मारू नका.