साबुदाण्याच्या डब्यातलं कार्ड

बिबवेवाडीतल्या त्या इमारतीत मी राहायला गेले, त्या दिवशी समोरच्या दारात उभ्या असलेल्या बाईंनी माझं नाव विचारलं नाही. टेम्पोतून वर येणाऱ्या माझ्या नव्याकोऱ्या फ्रीजकडे त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "कधी घेतलात?"

"काल," मी म्हणाले.

"कार्डावर? मग तुमचं बिल किती तारखेला बंद होतं?"

मला माहीत नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात इतकी वर्षं नोकरी केलेली मी, पाढा न आलेल्या मुलीसारखी जिन्यात उभी राहिले. त्यांनी सुस्कारा सोडला. "असू दे. पाणी भरून ठेवा, इथे लवकर जातं," एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं. शैलावहिनींची आणि माझी ओळख झाली ती अशी.

पुढे ते गणित त्यांनीच मला शिकवलं. त्यांच्या क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याच्या अठरा तारखेला बंद व्हायचं आणि पैसे पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायचे असायचे. म्हणजे सतराला घेतलेल्या तेलाच्या डब्याचे पैसे तीनेक आठवड्यांत द्यायचे, आणि तोच डबा एकोणीसला घेतला तर जवळजवळ दीड महिना मोकळा. त्यांचे यजमान विलासराव स्वारगेटजवळच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात हिशेब बघत. पगार पाच तारखेच्या "आसपास" होई. हा "आसपास" शब्द वहिनी दातओठ खाऊन उच्चारायच्या. "पैसे आपले नसतात हो मंजिरी, मुदत तेवढी आपली असते," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

दहा तारीख उलटली की कार्ड साबुदाण्याच्या डब्यात जायचं. रोज हात लागत नाही असा तो एकच डबा, म्हणून. मग अठरापर्यंत त्या घरात काही मागायची सोय नसे. "कार्ड झोपलंय," एवढंच उत्तर. मिक्सर बिघडला, कार्ड झोपलंय. विलासरावांच्या चष्म्याची काडी मोडली, तर ते कानाला दोरा गुंडाळून दुकानात गेले, पण नवी काडी एकोणीसलाच आली. एकदा मधेच एकादशी आली आणि साबुदाण्याबरोबर कार्डही रात्रभर भिजलं. सकाळी भिजलेल्या साबुदाण्यात हात घातला तर कार्ड वर! वहिनींनी ते पुसलं, पंख्याखाली वाळवलं आणि परत डब्यात ठेवलं. "आमच्याकडे सणसुद्धा बिल बंद झाल्यावर येतात," विलासराव मला म्हणाले. ते असे हळूच बोलायचे आणि बायकोकडे बघून घ्यायचे. बायकोनं शाबासकी दिली की त्यांचा चेहरा उजळायचा. मी हे किस्से कॉलेजात रंगवून सांगायची आणि आम्ही सगळ्याजणी हसायचो.

वहिनींना मात्र यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. का, ते त्यांनी मला एकदा पालक निवडता निवडता सांगितलं. विलासरावांचा आधीचा कारखाना बंद पडला, तेव्हा काही महिने ते कार्डाची कमीत कमी रक्कम तेवढी भरत राहिले. व्याज चढत गेलं. एका दुपारी वसुलीला बँकेची दोन माणसं आली. ती ओरडली नाहीत, शिवीगाळ केली नाही. खाली पार्किंगमध्ये बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिली, विलासराव कुठल्या मजल्यावर राहतात? वहिनी मंडईतून परत येत होत्या. त्यांनाही विचारलं.

"मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि जिना चढले. मागून बघत होते ना ते, म्हणून स्वतःच्या दारावरून पुढे गेले हो मी! गच्चीवर जाऊन बसले. पिशवीतली कोथिंबीर सुकून गेली, तरी खाली यायचं धाडस होईना."

पाटल्या मोडून ते सगळं फेडलं. पण बेल वाजली की वहिनींचा हात अजूनही आधी छातीवर जायचा आणि मग कडीवर. मोबाइलवर बँकेचा मेसेज वाजला की हातातलं भांडं ओट्यावर ठेवूनच त्या तो वाचायच्या. हे ऐकल्यावर मी कॉलेजात किस्से सांगायचं बंद केलं.

वैशाखातल्या एका रविवारी आम्ही तिघं लोणच्याच्या कैऱ्या आणायला मंडईत गेलो. सोळा तारीख होती, त्यामुळे वहिनी पैसे मोजून आणून घासाघीस करत होत्या. परतताना विलासराव पिशवी खाली ठेवून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"काय होतंय हो?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं."

वहिनींनी त्यांना कोकम सरबत पाजलं, पिशवी स्वतः उचलली, आणि आम्ही रिक्षा केली. रिक्षा केली याचंच मला तेव्हा आश्चर्य वाटलं.

मी कॉलेजला जाताना माझी किल्ली रोज त्यांच्याकडे ठेवायची. बुधवारी सकाळी किल्ली द्यायला गेले, तर विलासराव इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसलेले. चहाचा कप रिकामा.

"शैला, आज एकोणीस ना? कार्ड उठलं ना गं?"

"उठलं की! का हो, किराणा आणता?"

"नाही. जरा दवाखान्यात जाऊ या. रविवारपासून छातीत दुखतंय."

वहिनींच्या हातात माझी किल्ली होती, ती खाली पडली. त्या डब्याशी गेल्या, साबुदाणा सगळ्या ओट्यावर सांडला, आणि कार्ड घेऊन आल्या. रिक्षात त्या मधे बसल्या होत्या. मी एकीकडून त्यांचा हात धरला होता. मला स्वतःला इतकी भीती कधी वाटली नव्हती. प्रत्येक सिग्नलला मी विलासरावांच्या छातीकडे बघत होते, हलते आहे की नाही ते.

दवाखान्यात आधी अनामत रक्कम भरायला सांगितली. वहिनींनी कार्ड पुढे केलं. यंत्रातून कागद बाहेर आला तसे स्ट्रेचरवरून विलासराव म्हणाले, "बघ, परवा सांगितलं असतं तर याच बिलात आलं असतं. आता पुढच्या महिन्यात जाईल." शाबासकीसाठी ते बायकोकडे बघत होते. वहिनींनी तोंडावर पदर दाबून धरला.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले की जीव वाचेल, पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला आहे. "रविवारीच का नाही आणलंत?" त्यांनी साधेपणानं विचारलं.

विलासराव घरी आले, पण अर्धे होऊन. दुकानात आता दुपारपर्यंतच जात. दवाखान्याचं ते बिल हप्त्यांत बांधून घेतलं आणि काही मदत वहिनींच्या भावानं केली. आश्चर्य असं की वहिनींना आता त्या पैशांची भीती वाटेनाशी झाली. पार्किंगमध्ये कुणी बसलं असलं तरी त्या बघत नसत. त्यांची सगळी भीती दोन शब्दांवर येऊन बसली होती. "ते 'काही नाही' म्हणाले की माझं कशात लक्ष लागत नाही," त्या मला म्हणाल्या. "त्या रविवारीसुद्धा हेच म्हणाले होते. आता खरं कधी बोलतील, मला कसं कळायचं? मीच शिकवलंय हो त्यांना गप्प राहायला." न्हाणीघरात विलासरावांना वेळ लागला की त्या दाराशी उभ्या राहून हाका मारायच्या.

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टाकलं. कार्ड डब्यातून काढून टीव्हीशेजारी उघड्यावर ठेवलं. आणि रोज सकाळी चहा देताना, तारीख कुठलीही असो, त्या मोठ्यानं सांगू लागल्या, "अहो, आज कार्ड जागं आहे हं!"

"बरं," विलासराव म्हणायचे.

दिवाळीनंतर एका सकाळी मी किल्ली घेऊन दारात उभी होते. वहिनींनी नेहमीचं वाक्य म्हटलं. विलासराव कप हातात धरून जरा थांबले. "मग जाऊन येऊ या का? डावा खांदा जड वाटतोय."

वहिनी घरातल्या चपलांवरच निघाल्या. त्या दिवशी माझं कॉलेज बुडालं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, त्या कुशीवर झोपल्यानं खांदा अवघडलाय. परतीच्या रिक्षात विलासरावांनी मला हळूच विचारलं, "आज सतरा तारीख ना?"

मी मान हलवली.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "पण ही म्हणाली ना, जागं आहे म्हणून."

वहिनींनी ते ऐकलं. त्या रस्त्याकडे बघत राहिल्या, पण विलासरावांचं मनगट त्यांनी घर येईपर्यंत सोडलं नाही.

वर्षभरानं माझी बदली झाली आणि मी ते घर सोडलं. निघण्याच्या सकाळीही किल्ली हातात घेऊन मी दाराला कुलूप लावत होते. समोरच्या घरातून आवाज आला, "अहो, आज कार्ड जागं आहे हं!" मग काहीच ऐकू येईना. टेम्पोवाला खालून हाका मारत होता. मी जिन्यात तशीच उभी राहिले, आणि विलासरावांचं "बरं" कानावर पडल्यावरच खाली उतरले.